उलट्या नदीची नोंद

"धोंडाक्का राजाची मुलगी निघाली तर बिघडलं कुठं?" विद्याधरनं विचारलं आणि मी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी चष्मा काढला की समोरच्यानं जपून बोलावं, हे नानांना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या पुतण्याला नव्हतं.

"धोंडाक्का नावाडीण आहे," मी म्हटलं. "बापही नावाडी. कार्ड नंबर एकशे बेचाळीस."

"मालनताई, कार्डं राहू द्या हो. टीव्हीवर नावाडीण कोण बघणार? राजकन्या! लहानपणी नदीत वाहून गेलेली, नावाड्यानं वाढवलेली. सारंगनं काय सुंदर बसवलंय ते."

सारंग देवस्थळी शेजारच्याच खुर्चीत बसला होता. पुण्याच्या कंपनीनं मालिका लिहायला नेमलेला, तिशीतला, दाढी राखलेला. माझ्याकडं न बघता तो पेनाचं टोपण उघडत होता आणि बंद करत होता.

ही गोष्ट शहाण्णव सालची, माघ महिन्यातली. मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीच्या मागं नाना उपळेकरांचा छापखाना होता. तिथून 'मग पुढे' नावाचं मासिक निघायचं आणि त्याची मुद्रितं मी तपासायची. मुद्रितं तपासणं म्हणजे दुसऱ्याच्या चुका काढून पगार घेणं. माझ्या स्वभावाला असलं काम मिळालं हे माझं नशीब, आणि आजूबाजूच्यांचंही, नाहीतर मी त्यांच्याच काढल्या असत्या.

त्या मासिकात दर महिन्याला सोळा पानं सातखोऱ्यांची असत. हा मुलूख कुठल्या नकाशात शोधायला जाऊ नका. नानांनी पहिल्या अंकात चार पानांची गोष्ट लिहिली. मधे डोंगर, त्यातून निघणाऱ्या सात नद्या, त्यांची सात खोरी. खाली एक ओळ घातली, 'पुढे काय झालं ते वाचकांनी कळवावं.' झालं! पोस्टमन गोणी आणून टाकायला लागला. बार्शीहून कुणी बोलणाऱ्या विहिरी पाठवल्या. निपाणीच्या एका व्यापाऱ्यानं तिथली वजनंमापं बसवून दिली. एका निवृत्त तलाठ्यानं तर तिथल्या भुतांच्या जमिनीचे सातबारे करून पाठवले, वारसनोंदींसकट. असं एकोणीस वर्षं चाललं. कुठल्या खोऱ्यात कुठला सण, कुणाचं कुणाशी वैर, कुठला प्राणी काय खातो, सगळ्याची नोंद मी कार्डांवर ठेवायची. शेजारच्या सतारवाल्यानं उरलेल्या फळ्यांचं चाळीस खणांचं कपाट करून दिलं होतं, खण ओढला की लाकडाचा वास यायचा. वाचक मला 'दप्तरदार बाई' म्हणून पत्रं लिहीत. लग्न झालं असतं तर कुणाची तरी वहिनी झाले असते, त्यापेक्षा हे बरं होतं.

नानांचे नियम तीन. पहिला, छापलं ते घडलं. चूक झाली तरी दुरुस्ती छापायची नाही, ती चूक खरी कशी ते कुणीतरी गोष्ट लिहून सांगायचं. दुसरा, दोन छापील गोष्टी एकमेकींच्या आड आल्या तर नंतर छापलेली खरी. आणि तिसरा, सातखोऱ्यांच्या पानांवर कुणाचंच नाव छापायचं नाही, नानांचंसुद्धा. "मालन, नावं आली की कुंपणं आली," ते म्हणायचे. पत्राखाली नाव असे, ते मी कार्डावर उतरवून घेई आणि छापायच्या मजकुरातून खोडून टाकी. एकोणीस वर्षं मी हे खोडायचं काम केलं आणि मला त्याचा अभिमान होता. एवढं ध्यानात ठेवा.

पहिला नियम सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो माझ्याच चुकीमुळं. तिसऱ्या वर्षी सातखोऱ्यांचा नकाशा छापला. नद्यांवर वाहायची दिशा दाखवणारे बाण होते. आमच्या रावसाब कुंभोजेनं, म्हणजे छपाईचे खिळे जुळवणारा तोच आणि मशीन चालवणाराही तोच, गवरा नदीवरचा बाणाचा खिळा उलटा बसवला. माझ्या नजरेतून तो सुटला. अंक निघाला तर सहा नद्या डोंगरातून समुद्राकडं आणि गवरा समुद्रातून डोंगराकडं! दोनशे पत्रं आली. मी आठवडाभर नीट जेवले नाही. नाना म्हणाले, "छापलं ते घडलं. गवरा उलटी वाहते. का वाहते ते येईल कुणाकडून तरी."

आलं. एक पोस्टकार्ड, बोराएवढी अक्षरं, ना काना धड ना मात्रा. 'गवरा समुद्राच्या घरी नांदाया गेल्ती. समुद्रानं तिला नीट नांदीवली नाही. तवा धोंडाक्का नावाडीन गेली आनि तिच्या हाताला धरून तिला म्हायेरी घेऊन आली. म्हनून ती उलटी वाहती.' खाली नाव, हौसाबाई मगदूम, मिरज.

नानांनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाले, "एक अक्षर बदलू नकोस." मी अक्षर बदललं नाही. नाव तेवढं खोडलं.

हौसाबाई इथल्याच एका दवाखान्यात आयाचं काम करायच्या. कुणा पेशंटच्या उशाला पडलेला आमचा अंक त्यांनी वाचला होता. चौथीपर्यंत शिकलेल्या. पुढच्या सोळा वर्षांत त्यांची एकेचाळीस पोस्टकार्डं आली, सगळी धोंडाक्काची. ती समुद्राशी कशी भांडली, गावानं घाटावर काट्या टाकून तिला कसं अडवलं, ती होडीतच कशी राहिली. लोक अंक उघडला की आधी धोंडाक्का शोधायचे. कृष्णेच्या काठी एका होडीवर 'धोंडाक्का' असं रंगवलेलं मी स्वतः बघितलंय.

आता त्या धोंडाक्काला राजाची लेक करायला निघाले होते. नाना दिवाळीत गेले. त्यांना मूल नाही, म्हणून सगळं पुतण्याकडं आलं. फेब्रुवारीचा अंक शेवटचा, मग मासिक बंद आणि सातखोरी कंपनीला, असं विद्याधरनं ठरवलं. कंपनीची अट एकच होती. हे सगळं एकट्या नानांनी रचलं असलं पाहिजे, दुसऱ्या कुणाचा त्यात हात नको. पहिल्या पानावर तसं निवेदन टाकायचं होतं, 'कै. नाना उपळेकर यांच्या एकट्याच्या प्रतिभेतून साकारलेलं विश्व' वगैरे. माझी कार्डं सारंगला द्यायची आणि त्याचं काम झालं की रद्दीत.

"आणि वाचक?" मी विचारलं.

"वाचकांनी वाचलं," विद्याधर म्हणाला. "छान झालं."

हौसाबाईंना मीच कळवलं. दुसऱ्याच दिवशी त्या दवाखान्याची पाळी संपवून आल्या, निळ्या काठाची पांढरी साडी, हातात जेवणाचा डबा. विद्याधरनं उठून खुर्ची दिली. टेबलावर खोक्यात एक साडी, वर नारळ. शेजारी कागद.

"या, या आजी! तुमचा सत्कार करायचाच होता. एवढी इथं सही करा, म्हणजे झालं."

हौसाबाईंनी कागदावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं सरकवला. "वाचा हो मालनबाई. माझा चष्मा वार्डात ऱ्हायला."

मी वाचलं. "'धोंडाक्का नावाडीण हे पात्र मी निर्माण केलेले नाही. ते कै. नाना उपळेकर यांनी निर्माण केले असून त्यावर माझा कोणताही हक्क नाही.'"

"म्हंजी नाना बाळंत झालं, आनि मला कळलं न्हाई व्हय?" हौसाबाई म्हणाल्या.

सारंगला हसू आलं. ते त्यानं खोकल्यात घालवलं.

"आजी, ही कायद्याची भाषा असते," विद्याधर म्हणाला. "टीव्हीवर सगळा महाराष्ट्र बघेल तुमच्या धोंडाक्काला. राजकन्या होणार ती!"

"राजाची लेक?" त्यांनी डबा खाली ठेवला. "सायेब, राजाच्या लेकीला कोन अडवतंय? ती नदी आनील न्हाईतर उद्या समुद्र आनील. त्यात काय मोठं? हिला समदं गाव आडवं आलं हुतं. घरचं आडवं आलं हुतं. तरी आली. म्हनून ती धोंडाक्का. तुमी तिला राजाच्या घरात घातलीसा तर मागं ऱ्हायलं काय?"

"सही करणार की नाही?"

"न्हाई."

विद्याधरनं साडीचं खोकं आपल्याकडं ओढलं. आवाज चढवला नाही, उलट गोड केला. "नका करू. अडत नाही काही. एकोणीस वर्षांचे अंक काढा आजी, एका तरी पानावर तुमचं नाव छापलंय? एकदा तरी? तुमच्या त्या पोस्टकार्डांची तर दर वर्षी रद्दी होते. मग तुम्ही लिहिलंत हे म्हणायचं कुणी?"

हौसाबाई माझ्याकडं वळल्या. "व्हय मालनबाई? एकदाबी न्हाई?"

"नाही," मी म्हटलं. "कुणाचंच नाही. नियमच होता तसा."

"नियम कुनाचा ते म्या इचारलं न्हाई. खोडलं कुनी?"

"मी खोडलं."

त्यांनी डबा उचलला आणि नारळ, साडी, कागद सगळं तसंच ठेवून गेल्या. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. घरी आल्यावर मी कुकर लावायचाही विसरले. छापलं ते घडलं, हे मी एकोणीस वर्षं मोठ्या तोऱ्यात लोकांना ऐकवलं होतं. मग न छापलेल्याचं काय, हा साधा प्रश्न माझ्या डोक्यात कधी आला नव्हता. मला स्वतःची भयंकर चीड आली. आणि मला चीड आली की मी कामाला लागते.

काम विद्याधरनंच दिलं. दोन दिवसांनी म्हणाला, "मालनताई, शेवटच्या अंकात सोळा पानं सूची टाका. सातखोऱ्यांत काय काय आहे त्याची. कंपनीला दाखवायला बरी पडेल. तुमच्या कार्डांवरून होईल ना?"

"अगदी कार्डांवरून करते," मी म्हटलं. "कार्डावर असेल ते सगळं घेते."

"उत्तम, उत्तम," तो म्हणाला आणि पुण्याला गेला.

त्याच आठवड्यात सारंग कार्डं बघायला आला. दोन दिवस खण उघडून टिपणं काढत बसला. माणूस वाईट नव्हता. जागचं कार्ड जागी ठेवायचा, त्यावरून कळतं. तिसऱ्या दिवशी मी अठराव्या खणातून एक कार्ड काढून त्याच्यापुढं ठेवलं. 'दोन शेपट्यांची शेळी. एक शेपटी माशांसाठी, एक मालकासाठी. पाठवणार : सारंग देवस्थळी, इयत्ता सहावी, चिपळूण.'

त्यानं ते कार्ड हातात घेतलं. मग म्हणाला, "ती छापून आली तेव्हा मी अख्ख्या आळीत अंक फिरवला होता. कुणी विश्वास ठेवला नाही. नाव कुठाय, म्हणाले."

"मग तुला कळायला पाहिजे."

"बाई, मला हे काम मिळायला चार वर्षं लागली. मी नाही म्हटलं तर ते दुसऱ्याला देतील, आणि तो हे खणसुद्धा उघडणार नाही."

"ते खरंय," मी म्हटलं. "पण म्हणून नावाडणीला मुकुट घालायचा?"

चहा आला, तो प्यायला आणि गेला.

मी सूची लिहून काढली. प्रत्येक नोंदीपुढं नाव, आणि नावापुढं गाव. एकूण माणसं भरली सहाशे तेरा. रावसाबनं हस्तलिखित हातात घेतलं, दोन पानं बघितली आणि खिळ्यांचे खण ठेवायच्या घोडीपासून माझ्या टेबलापाशी आला.

"बाई, ह्यात नावं हायेत."

"आहेत."

"नानांनी नावं काढाय लावलेली."

"नाना गेले. आणि ते असते तर त्यांनीही घातली असती, नसती घातली तर मी त्यांच्याशी भांडले असते."

रावसाबनं मान खाजवली. "माझा बाण घातलाय काय?"

मी पान काढून दाखवलं. 'गवरा नदी, उलटी. बाण : रावसाब कुंभोजे, मिरज. नजरचूक : मालन कोठावळे, मिरज. कारण : हौसाबाई मगदूम, मिरज.'

त्यानं ते ओठ हलवत वाचलं. "बारीक टाइपात बसवावं लागंल," म्हणाला आणि बाही वर केली. नऊ दिवस तो त्या सोळा पानांवर होता. एवढी बिनचूक जुळणी त्यानं आयुष्यात केली नव्हती, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलं आणि तो दिवसभर शिट्टी वाजवत राहिला.

आमच्याकडं रीत अशी होती की 'छापावे' लिहून मी सही केल्याशिवाय सोळा पानांचा फर्मा मशीनवर चढायचा नाही, आणि सही झाली की मालकही विचारायचा नाही. शनिवारी सकाळी मी चारही फर्म्यांवर सही केली. विद्याधरच्या निवेदनातला एक स्वल्पविरामसुद्धा हलवला नाही. पहिल्या पानावर तो, शेवटच्या सोळा पानांवर आम्ही.

दुपारी मशीन चालू असताना सारंग दारात. "कार्डं न्यायला आलो. विद्याधरसाहेबांनी टेंपो पाठवलाय," तो म्हणाला. बोलता बोलता त्यानं गठ्ठ्यावरचा एक ओला कागद उचलला. मी बघत राहिले. बाहेर कोपऱ्यावर फोनचं दुकान होतं. पुण्याला एक फोन गेला असता तर मशीन थांबवायला लागलं असतं आणि सगळं संपलं असतं.

त्याचं बोट खाली सरकत सरकत शेळीपाशी थांबलं.

"बाई," तो म्हणाला, "इथं इयत्ता सहावी छापलंय. मी सातवीत होतो."

"पत्रात सहावी लिहिलं होतंस."

"जुनं कार्ड होतं घरात, आदल्या वर्षी लिहून ठेवलेलं."

"मग आता इलाज नाही. छापलं ते घडलं. सहावीतच राहा."

तो एकदम मोठ्यांदा हसला. मशीनच्या आवाजातही ऐकू आलं. कागदाची घडी करून त्यानं खिशात घातली. "टेंपो परत पाठवतो," म्हणाला. "कपाट दारातून निघत नाही म्हणून सांगतो." कपाट बिनदिक्कत निघालं असतं.

सोमवारी पाच तारीख. एकोणीस वर्षं पाच तारखेला आमचे अंक पोस्टात पडले होते, त्या दिवशीही पडले. मी स्वतः हातगाडीबरोबर गेले आणि शेवटचा गठ्ठा खिडकीतून आत जाईपर्यंत हलले नाही. बुधवारी विद्याधर आला, तो गाडीचं दार न लावताच आत.

"हे काय आहे?" अंक माझ्या टेबलावर आपटला.

"सूची. तुम्हीच सांगितलेली."

"नावं टाकायला कुणी सांगितलं होतं?"

"टाकू नका असं कुणी सांगितलं होतं?"

"पहिल्या पानावर स्पष्ट लिहिलंय, एकट्या काकांचं!"

"लिहिलंय की. शुद्धलेखनसुद्धा चांगलं आहे. पण दोन छापील गोष्टी एकमेकींच्या आड आल्या तर नंतर छापलेली खरी. ती पान एकोणपन्नासपासून आहे."

तो लालेलाल झाला. "तुमच्या त्या भातुकलीच्या नियमांवर धंदा चालतो का? आजपासून तुम्ही कामावर नाही!"

"काढताय कुठनं?" मी म्हटलं. "मासिक तर तुम्हीच बंद केलंत."

मागं रावसाबनं हातातला खिळा पाडला. मुद्दाम पाडला, मला ठाऊक आहे.

"या सहाशे लोकांनी उद्या हक्क सांगितला तर जबाबदार कोण?"

"सांगतील. तलाठीबुवांनी सातबारेही करून दिलेत." आता मात्र माझाही आवाज चढला. "विद्याधर, तुमच्या काकांना वाटलं नावं नसली की मुलूख सगळ्यांचा राहील. भोळे होते. मीही त्यांच्याबरोबर भोळी राहिले, आणि तुम्ही आम्हाला शहाणं केलंत. चौथी शिकलेल्या बाईला तिचं पोर तिचं नाही असं सांगून तुम्ही तिच्यापुढं साडी ठेवलीत. मला त्या दिवशी तुमची नाही, माझी लाज वाटली. माझी मी निस्तरली. आता तुमची तुम्ही बघा."

कंपनीच्या वकिलानं अंक चाळला आणि एवढंच विचारलं म्हणे, की या सहाशे तेरा माणसांच्या सह्या कुठायत? सह्या नव्हत्या. मालिका बारगळली. छापखान्याची जागा चैत्रात विकली गेली. ते चाळीस खणांचं कपाट मी रावसाबच्या मदतीनं माझ्या दोन खोल्यांत आणलं, आणि तेव्हापासून माझी कॉट स्वयंपाकघरात आहे.

पण मला सांगायचं आहे ते त्या आठवड्यातलं. अंक मी हौसाबाईंना पोस्टानं पाठवला नव्हता, दवाखान्यात नेऊन हातात द्यायचा म्हटलं तर पाय उचलेना. गुरुवारी हौसाबाईच छापखान्यात आल्या. काम नव्हतं, मी माझ्या वस्तू पिशवीत भरत होते. अंक त्यांच्या पिशवीतच होता, वार्डातल्या कुणाच्या तरी घरी आलेला. या खेपेला चष्मा आणला होता. पान उघडून त्यांनी बोट ठेवलं. उलट्या नदीच्या नोंदीवर.

"हे माझं नाव."

"तुमचंच. सोळा वर्षं उशिरा."

"बरं दिसतंय," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मग खुर्चीत बसल्या. "पर मालनबाई, हे चुकलंय."

मी चष्मा शोधायला लागले. "काय चुकलं? मगदूम बरोबर आहे, मिरज बरोबर आहे..."

"अक्षर न्हाई वं. नदी चुकली." थोडा वेळ त्या मांडीवरच्या अंकावरून हात फिरवत राहिल्या. "माझी अक्काताई. थोरली. तिला दिली हुती शिरोळच्या अंगाला. नीट नांदवंनात. पयल्यांदा आली तवा मी तिला माघारी धाडली. म्हटलं, नांद बाई, लोक काय म्हनतील? दुसऱ्यांदा आली तवा तिच्या पाठीवर वळ हुतं. तवाबी धाडली. तिसऱ्यांदा ती नदीच्या कडंकडंनं चालत आली. दीड दिस. एकली. आनि मी दाराला आतनं कडी घातली."

मी हातातली पिशवी खाली ठेवली.

"ती दाराम्होरं बसून ऱ्हायली. म्हनली, आई, तू उघड न्हाईतर नगं उघडू, मी माघारी जायाची न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी मी कडी काढली. तवा ती उलटी नदी तुमच्या पुस्तकात आली. आनि मी लिवलं, धोंडाक्कानं हाताला धरून आनली." त्यांनी मान हलवली. "कुनी आनली न्हाई तिला. ती आपली आपून आली. म्या लिवलं ते मला करायचं हुतं म्हनून. सोळा वर्सं लिवत बसले. आनि आता माझं नाव छापून आलं, तवा वाटलं, हे खोटं कायमचं खरं हुतंय की."

"अक्काताई कुठं असतात?"

"हाय की हितंच. बालवाडी चालवती. तुमचा अंक ती आधी वाचती. कधी बोलली न्हाई मला, की आई, हे असं न्हवतं."

बाहेर सतारवाला तारा लावत होता. एकच तार पुन्हा पुन्हा वाजत होती.

"हौसाबाई," मी म्हटलं, "दुरुस्ती छापता येत नाही. छापलं ते घडलं."

"ठावं हाय मला नियम. नंतर छापलेलं खरं, त्योबी ठावं हाय. म्हनूनच आले. पुढचं सांगते, लिवून घ्या. पुढच्या अंकात घाला."

"मासिक बंद झालं हो. पुढचा अंक नाही."

"का न्हाई?" त्यांनी मला अशा आवाजात विचारलं, जसं काही मी औषध घ्यायला नाही म्हणतेय. "मी हाय, तुमी हायसा, त्यो रावसाब हाय. एक कागद छापाय किती मानसं लागत्यात?"

रावसाब घोडीपाशी उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं आधीच हात धुवायला घेतले होते.

मी भरलेली पिशवी पुन्हा रिकामी केली. कोरं कार्ड काढलं, नंबर घातला. एरवी मी आधी मजकूर लिहायची आणि नाव शेवटी, कोपऱ्यात, खोडायला सोपं पडावं म्हणून. या वेळी पेन वरच्या ओळीवर टेकवलं.

"नाव कुणाचं घालू? तुमचं?"

"अक्काताईचं," हौसाबाई म्हणाल्या. "आनि आता लिवा. गवरा एकलीच आली. घाटावर धोंडाक्का दार लावून बसली हुती."